पहिल्या प्रसंगातलं अर्धं वाक्य

५ मे

खारूताई,

तुझा चित्रपट परवा आमच्या मंडळाच्या खोलीत पाहिला. पाहिला कसला, पहिल्या प्रसंगाने मानगूट धरून मला खुर्चीत बसवलं. तू विचारलंस, "मामा, सुरुवात कशी वाटली, खरं सांग." खरंच सांगतो. खोटं मी फक्त दातांच्या डॉक्टरशी बोलतो.

उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला आणि संध्याकाळी या मंडळात लोकांना चित्रपट बघायला शिकवलं. घसा फोडून एकच गोष्ट सांगत आलो: पहिला प्रसंग म्हणजे दारावरची पाटी नव्हे! प्रेक्षक अंधारात येऊन बसतो तेव्हा त्याचं अर्धं डोकं बाहेरच असतं. गाडी नीट लावली का, गॅस बंद केला का. त्या डोक्याला माहिती देऊ नका, त्याला कामाला लावा! तू लहान असताना तुला दाखवलेला तो चित्रपट आठव. एक बाई दुकानात कोट घालून बघते, आरशासमोर वळते, मग आपला जुना कोट हँगरला अडकवते, नव्याची बटणं लावते आणि सावकाश बाहेर पडते. एक शब्द नाही. चोरी तिने केली आणि घाम आपल्याला फुटला. याला म्हणतात सुरुवात!

तुझा प्रसंग त्या तोडीचा आहे. जेवणाचं टेबल, पाहुणे, कॅमेरा फक्त त्या अडखळत बोलणाऱ्या बाईवर. ती म्हणते, "मला…" आणि शेजारून पुरुषाचा आवाज येतो, "तिला म्हणायचंय, मीठ कमी आहे." लगेच मीठ पुढे सरकतं. ती म्हणते, "काल मी…" "काल ती दमली होती, असं म्हणायचंय तिला." पाहुणे हसतात. ती पुन्हा तोंड उघडते, "मी जा…" "जागरण झालंय तिला!" ती मान हलवते. नको असलेलं मीठ अन्नावर घालते आणि मुकाट खाते. मग पडद्यावर नाव. पोरी, त्या मिठाची खारट चव माझ्या जिभेवर घरी येईपर्यंत होती.

आणि त्या पुरुषाचा चेहरा तू दाखवला नाहीस. नुसता हात, मनगटावरचं घड्याळ. शाब्बास! चेहरा दिसला असता तर आम्ही त्या एकाला शिव्या घालून मोकळे झालो असतो.

घड्याळ मात्र मी ओळखलं. दाजींचं आहे. गेलेल्या बापाला मुलीने इतक्या निर्भीडपणे पडद्यावर आणावं, याला छाती लागते. मला ते घुमे वाटायचे, पण घरात माणूस कसा असतो हे बाहेरच्याला काय कळणार!

काळजी एकच. तो प्रसंग संपताच तुझी आई तोंडाला रुमाल लावून उठली आणि बाहेर गेली. परत आत आलीच नाही.

तुझा,
मामा


११ मे

मामा,

तुझं पत्र एडिटिंगच्या खोलीत उभ्याउभ्याच वाचलं. आमचा संकलक म्हणाला, "परीक्षेचा निकाल आहे का?" म्हटलं, त्याहून वाईट, मामाचं पत्र आहे.

त्याचं आणि माझं त्या प्रसंगावरून बरंच वाजलं होतं. त्याला मिठाशी कापायचं होतं. तो म्हणायचा, मीठ पुढे आलं, विनोद झाला, पुढे चला. मी अडून बसले. मला तिची मान हलेपर्यंत थांबायचं होतं. मीठ पुढे येतं तेव्हा लोक हसतात. मान हलते तेव्हा आपण हसलो याची त्यांना लाज वाटते. ती लाज घेऊन त्यांनी पुढचा चित्रपट बघावा, एवढाच माझा हेतू होता.

घड्याळाबद्दल तू लिहिलंस, त्यावर आत्ता काही लिहीत नाही. कपाटात होतं, वापरलं.

आईचं मात्र काय करू? ती का उठली? फोनवर तिला विचारता येत नाही, तुला माहीतच आहे. फोनवर समोरचा माणूस ऐकतोय की फोन तुटलाय हे तिला कळत नाही, म्हणून ती घाई करते आणि जास्तच अडकते. मला इथून महिनाभर तरी हलता येणार नाही. तू दोन गल्ल्यांवर राहतोस. जाऊन विचारशील? जुलैच्या मध्यात चित्रपट महोत्सवाला पाठवायचा आहे. तो प्रसंग तिचा आहे, तिच्या जेवणाच्या टेबलावरून मी उचलला आहे, तिला न विचारता. तिने नको म्हटलं तर तो राहणार नाही. मग साऱ्या जगाने वाहवा केली तरी नाही.

खारू


२० मे

खारूताई,

गेलो होतो. ताई नकाशाच्या कचेरीतून नुकतीच आली होती, बोटांची शाई धूत होती. मी आडवळण न घेता विचारलं, "ताई, पोरीचा पहिला प्रसंग कसा वाटला?"

"तो… तो प्र… प्रसंग…"

"खटकला ना?"

ती जोरजोरात मान हलवायला लागली. "म… मला… तो का… काढू…"

"काढूनच टाकायला हवा! मलाही त्या दिवशी तुला बघून तेच वाटलं."

तिने नळ बंद केला. मग ओला हात झटकला आणि चहा ठेवायला आत गेली. दाजींचा विषय निघाला की तिला बोलवत नाही, मी समजून घेतलं. चहा फार कडक झाला होता, पण मी काही बोललो नाही.

तर ताईला म्हणायचंय ते असं: जो माणूस आता उत्तर द्यायला नाही, त्याला चारचौघांत असं उभं करू नये. संसारात उणंदुणं असतं, ते टेबलावर मांडायचं नसतं. आणि तिला असंही म्हणायचंय, की तू वाईट वाटून घेऊ नकोस.

मला विचारशील तर कलेच्या दृष्टीने हा खून आहे! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण आईच्या मनापुढे कला कसली? तुझ्याकडे ते डोंगरावरचं धुक्याचं दृश्य आहे ना, तिथून सुरू कर. धुकं कुणाला बोचत नाही.

मामा


२ जून

मामा,

काढला.

संकलकाने तो तुकडा बाजूला ठेवला आणि धुकं पुढे आणलं. पाहून झाल्यावर म्हणाला, "छान आहे. हवामान खात्याला पाठवूया." मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

प्रसंग गेला याचं दुःख आहेच. पण लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. आईचं अडखळणं मी लोकांना दाखवायला काढलं. एका नटीला आठवडाभर शिकवलं, ओठ असे ठेव, इथे श्वास अडकू दे. ती नटी एकदा मला म्हणाली, "तुम्ही किती बारकाईने पाहिलंय त्यांना!" तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, मी इतकं बारकाईने पाहत होते तर मधे कधी बोलले का नाही? त्या टेबलावर मीही होते. मीठ पुढे सरकवणारा एक हात माझाही होता.

आईला सांग, काढला म्हणून. तिला शांत झोप लागू दे.

खारू


१० जून

खारूताई,

ताईला सांगितलं. ती लगेच आतल्या खोलीत गेली. ओझं उतरलं असावं.

काल मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय अर्थात 'पहिला प्रसंग'. कोटवाली बाई सांगितली. दुसऱ्या एका चित्रपटातली ती शाळाही सांगितली, जिथे शिपाई सुट्टीची घंटा देतो आणि एकही मूल बाहेर येत नाही. पण माझ्याने राहवेना. म्हटलं, मंडळी, आता तुम्हाला असा एक प्रसंग सांगतो जो तुम्ही कधीच पाहणार नाही, कारण एका मुलीने आईच्या शब्दाखातर तो आपल्या हाताने कापला! आणि मी तो करून दाखवला. दोन्ही आवाज. आधी ती बाई, मग तो पुरुष. "तिला म्हणायचंय!" "तिला म्हणायचंय!" सभागृह हसत हसत हळूहळू गप्प झालं. मग मी त्या पुरुषावर तुटून पडलो. म्हटलं, तुरुंगाला गज असावेच लागतात असं नाही. दुसऱ्याचं वाक्य प्रेमाने पुरं करणारा माणूस हा सर्वांत सभ्य जेलर असतो! टाळ्यांनी पत्रे उडाले असते.

नंतर आमचे खजिनदार हात हातात घेऊन म्हणाले, "सर, त्या माणसाचा आवाज तुम्ही हुबेहूब काढलात. जराही कष्ट पडले नाहीत तुम्हाला." इतकी वर्षं व्याख्यानं दिली, पण अशी दाद क्वचित मिळते.

ताई मागच्या रांगेत होती. मी बोलावूनही पुढे आली नाही.

मामा


१८ जून

मामा,

हे पत्र बसून वाच.

काल आईचा फोन आला. तिने स्वतःहून केला. माझ्या आठवणीत तिने असा फोन कधी केलेला नाही. म्हणाली, "खा… खारू, तो प्र… प्रसंग… का… का…"

मी म्हटलं, "काढला, आई, काढला. तू काळजी करू नकोस."

मग तिने फोन ठेवला.

मी दिवसभर आवाजाचेच तुकडे कापत असते. शब्द कुठे संपतो आणि श्वास कुठे सुरू होतो, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. फोन ठेवल्यावर तो आवाज डोक्यात पुन्हा वाजला. तिथे ती अडखळत नव्हती मामा. 'का' हा पुरा शब्द होता. ती मला विचारत होती. का काढलास?

मग तुझं वीस मेचं पत्र काढून वाचलं. "मला तो का… काढू…" आणि पुढे तू. काढूनच टाकायला हवा! तू इतिहास शिकवलास, भाषेवर तासन्‌तास बोलतोस, तुला हे कसं कळलं नाही? आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. काढू नकोस. जाणार नाही. मला आवडत नाही. आधी सगळा होकार बोलून होतो आणि मग एक छोटा शब्द येऊन तो उलटवतो. ज्या बाईला तो शेवटचा शब्द कधी गाठूच दिला नाही, तिने आयुष्यभर सगळ्याला हो म्हटलं, असंच आपण धरून चाललो.

आता जे लिहिते ते मी मेपासून लपवलं आहे. प्रसंगातला तो हात बाबांचा नाही. तुझा आहे. "तिला म्हणायचंय" हे शब्द तुझे आहेत. रविवारी तू जेवायला यायचास, पाहुण्यांना हसवायचास, आणि आईची वाक्यं पुरी करायचास. तू स्वतःच पत्रात ते लिहितोस आणि तुला दिसत नाही! बाबा? बाबा थांबायचे. हातातला घास तसाच धरून थांबायचे, भाजी गार व्हायची, पण ते थांबायचे. आणि जो एकटा माणूस थांबायचा, त्याचंच घड्याळ मी न थांबणाऱ्याच्या मनगटावर बांधलं, कारण मला तुझी भीती वाटली. तू स्वतःला ओळखशील, दुखावशील, मंडळात चित्रपट दाखवणार नाहीस. तू बाबांचं नाव घेतलंस तेव्हाही मी गप्प बसले. आई का उठली हे आता मला पक्कं कळलंय. ते घड्याळ बघून उठली ती.

तुला बोलायला मला तोंड नाही. फोनवर मीही तेच केलं. त्यावरच चित्रपट काढणारी मी.

खारू


२९ जून

खारू,

उत्तराला उशीर झाला. पत्रं लिहिली आणि फाडली. सगळ्यांत मी छान बोललो होतो.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. कार्टी उलटून बोलते, असं मनात म्हणालो. मग मंडळातली ती माणसं आठवली, हसता हसता गप्प झालेली. ती प्रसंगामुळे गप्प झाली असं मी समजलो होतो. ती मला ओळखत होती. मागच्या रांगेत बसलेल्या ताईलाही ओळखत होती. मी व्यासपीठावर उभा राहून माझ्याच बहिणीची नक्कल केली, माझीही केली, आणि टाळ्या घेऊन घरी आलो. खजिनदार दाद देत नव्हते, हे आता कळतंय. रस्त्यात ते दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

काल ताईकडे गेलो. दारातच म्हटलं, "ताई, आज तू बोल." तोही हुकूमच झाला.

ती म्हणाली, "तू… तू… ब…"

"बरोबर आहे, मी—"

"ब… बस!"

बसलो. लहानपणी मला उन्हात खेळल्याबद्दल ती अशीच बसवायची. मी तिला तुझी सगळी पत्रं दिली आणि माझ्या पत्रांच्या प्रतीही. माझ्या प्रती मी ठेवतो, भावी पिढ्यांसाठी. आता वाटतं, पिढ्यांचं नशीब चांगलं म्हणून त्या आधी ताईच्या हाती पडल्या.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मनात तिच्या वतीने वाक्यं तयार करत होतो. थांबता येत नाही. ही काही सवय नाही, हा रोग आहे. मग तिने कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "मी… लि… लि…" मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. "लिहीन," ती म्हणाली.

पुढच्या महिन्याचं व्याख्यान मी रद्द केलं आहे.

मामा


२ जुलै

खारू, आणि धाकट्या,

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तेच. एक लांब जाईल आणि एक दोन गल्ल्या पलीकडे. दोन्हींना तिकीट लावलं आहे.

आधी कामाचं. खारू, प्रसंग परत घाल. वेळ आहे अजून. धुकं मी पाहिलेलं नाही आणि मला पाहायचंही नाही.

मी उठून गेले कारण मला हसू आवरेना. "तिला म्हणायचंय, मीठ कमी आहे" हे ऐकलं आणि शेजारी बघितलं, तर धाकटा गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होता, एखाद्या परक्या माणसावर निकाल देत असल्यासारखा. पोरीचा पहिला चित्रपट, खोलीत सगळे डोळे पुसताहेत आणि मी काय, फिदीफिदी हसू? म्हणून रुमाल लावून बाहेर गेले. बाकावर बसून पोट धरून हसले. मग रडलेही थोडं, पण ते नंतर. घड्याळाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. आता तू सांगितलंस, तर ते तेवढं झाकता आलं तर बघ. त्यांना तिथे बसवू नकोस.

धाकट्या, तू एकट्याने सगळी लाज ओढून घेऊ नकोस, तिथेही पुढे पुढे करू नकोस. मी मान हलवायचे. ते खारूने बरोबर पाहिलं आहे आणि तेच बघताना मला माझी लाज वाटली. बोलण्याचे कष्ट वाचायचे. चुकीचं का होईना, कुणीतरी वाक्य संपवलं की लोक माझ्या तोंडाकडे बघायचं थांबायचे. मला ते बरं वाटायचं. माझ्या सोयीसाठी मी तुला तसं होऊ दिलं. शाळेत तुझ्यासाठी भांडणाऱ्या ताईने तुला एवढं एक शिकवायला हवं होतं.

पण एक गोष्ट मला समजलेली नाही. काल तुमची सगळी पत्रं पुन्हा एकत्र वाचली. मे महिन्यापासून तुम्ही दोघं माझ्याबद्दल लिहिताय. मी का उठले, मला काय वाटतं, मला झोप लागते की नाही, माझ्या मनावर ओझं आहे की उतरलं. खारू मामाला विचारते आणि मामा मला विचारून खारूला कळवतो. कचेरीत माझ्या हातच्या नकाशाबद्दल कुणाला पुन्हा विचारावं लागत नाही. तुम्ही दोघं माझ्याच हाताने अक्षरं गिरवायला शिकलात. लिहिताना मी अडखळत नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी तुमच्यापैकी एकानेही मला एक ओळ लिहिली नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहिते.

उत्तर मला पाठवा. दोघांनी वेगवेगळं.

आई, आणि ताई